थाळीवरचे ओरखडे

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस माझ्या फोनला ऊत येतो. घराघरांतले माळे उपसले जातात, आजेसासूच्या ट्रंका उघडतात आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी चिनी मातीची थाळी निघाली की लोक तिचा फोटो काढून मला पाठवतात. "ताई, ओरिजिनल आहे का?" बस. ना नमस्कार, ना ओळख. फोटो थाळीच्या तोंडाचा असतो, बुडाचा कधीच नसतो. शेजारी बहुधा फराळाचा डबा दिसतो. मी उत्तर देते की फोटोवरून वय सांगता येत नाही, प्रत्यक्ष आणा. पूर्वी मी फोटोवरूनही सांगायची, आणि ते बरोबर यायचं म्हणून पुढच्या वेळी आणखी ठणकावून सांगायची.

हेच दिवस आमच्याकडे मुळशीत भात झोडायचे. भुकूमला आमच्या सोसायटीच्या मागे, दोन इमारतींच्या मधे, भाताची एक पट्टी अजून शिल्लक आहे. विकायची राहिली आहे की विकायचीच नाही, देव जाणे. एक नवरा-बायको तिथे दरवर्षी भात लावतात आणि याच दिवसांत झोडतात. फळी तिरकी मांडायची, पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि आपटायची. धप्प. पुन्हा धप्प. चौथ्या मजल्यावर तो आवाज भिंतीतून येतो. आमच्या खाली नागपूरहून नोकरीला आलेली एक मुलगी राहते. तिने सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली की या आवाजात ऑफिसच्या कॉलवर बोलता येत नाही. मलाही त्या आवाजात बोलता येत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. मला फळीवरून उडणारे दाणे दिसत नाहीत. मला एका बाईच्या पाठीवरून उडालेले दाणे दिसतात.

जुन्या चिनी थाळ्यांचं वय सांगणं हे माझं काम. ऐकणाऱ्याला हा पोटापाण्याचा धंदा वाटत नाही, पण तीस वर्षं माझं घर त्यावर चाललं. विद्या मामाची. मामाचं पुण्यात जुन्या वस्तूंचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी तिथे बसायची. तो दोन थाळ्या पुढे ठेवायचा, एक जुनी आणि एक नक्कल, आणि विचारायचा, "कोणती?" चुकलं की बोटांवर लाकडी पट्टी बसायची. फार जोरात नाही, पण हिवाळ्यात ती झोंबायची. माझी नजर अशी मारातून तयार झाली आहे. त्याचा मला पुढे अभिमान वाटायला लागला, आणि तिथेच माझं बिघडलं असावं.

"आधी बूड बघ," मामा म्हणायचा. थाळी उलटी करायची. बुडाला जी कडी असते, जिच्यावर थाळी टेकते, तिथे झिलई नसते; तिथे माती उघडी सापडते. जुन्या मालात ती कडी बोटाला गुळगुळीत लागते आणि झिलई जिथे संपते तिथे भट्टीच्या आचेने आलेली बारीक तांबूस रेघ असते. नकली माल करणारे ती रेघ चहाच्या पाण्याने आणतात, चिखल चोळून आणतात. ओलं फडकं फिरवलं की निघते. मधोमध काही अक्षरं लिहिलेली असतील तर ती सगळ्यांत शेवटी वाचायची, कारण तिकडचे कारागीर आधीच्या राजांची नावं मानाने लिहीत आले आहेत आणि ठग लोक ती बिनमानाने लिहितात. मग तोंडाकडे वळायचं. निळ्या रंगाभोवती, प्रकाशात तिरकं धरल्यावर, पाण्यावर तेल सांडल्यासारखं एक वलय दिसतं. ते दिसायला वर्षं जावी लागतात.

आणि मग ओरखडे. वापरातल्या जुन्या थाळीवर ओरखडे असतात, पण ते कसेही असतात, लहान-मोठे, उभे-आडवे, एकमेकांना कापणारे. थाळी मुद्दाम जुनी केलेली असेल तर ओरखडे एका दिशेने जातात, कारण कुणीतरी एका बैठकीत पॉलिशपेपर घेऊन ती घासलेली असते. मामाचा हा नियम मला देवाच्या शब्दासारखा होता. मी त्या नियमावर कित्येकांचे चेहरे पाडले आहेत.

लढाईच्या थाळ्या माझ्या विशेष आवडीच्या. हिरवा रंग भरपूर, त्यात लाल, निळा, जांभळा, थोडा पिवळा, आणि मधोमध मारामारी. घोडे, झेंडे, चिलखतं, भाले. अशी थाळी हातात आली की चित्रकार कसा होता हे मी पहिल्या मिनिटात सांगते. वाईट चित्रकाराचे सैनिक लेझीम खेळत असल्यासारखे दिसतात. भाला हातात आहे, पण धरलेला नाही. चांगल्या चित्रकाराच्या चित्रात बोटं भाल्याभोवती आवळलेली असतात, घोड्याच्या नाकपुड्या फुगलेल्या असतात, आणि जो मार खाणार आहे त्याला ते कळलेलं असतं. नक्कल करणाऱ्याची रेघ सगळीकडे सारखी जाडीची येते, कारण त्याची अर्धी नजर मूळ थाळीवर असते. अस्सल हाताची रेघ दाबून सुरू होते आणि सुटत सुटत संपते. दोन ठिपके आणि एक आडवी रेघ एवढ्यात तो हात माणूस मारतो. चहाचा कप शेजारी ठेवून मी अशी मेलेली माणसं भिंगातून तास तास पाहिली आहेत. वार नीट बसला आहे ना, एवढाच माझा प्रश्न असायचा.

साताठ वर्षं झाली. असेच झोडणीचे दिवस होते. पिरंगुटच्या पुढे, भरे गावाच्या कडेला एका वाडीलगत एक जुना बंगला होता. तिथली मालकीण एकटी राहायची, तिला वाडीतले सगळे आक्का म्हणत. आक्का त्या वर्षी पावसाळ्यात वारल्या. बंगला आला पुतण्याकडे. त्याला तो विकायचा होता, पण त्याआधी दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या दोन चिनी थाळ्यांचं वय ठरवून घ्यायचं होतं, म्हणून त्याने मला बोलावलं.

मी गेले तेव्हा थाळ्या भिंतीवर नव्हत्या. दोन रिकामे खिळे होते आणि खिळ्यांखाली भिंतीचा फिकट गोल. थाळ्या निघाल्या मागच्या पडवीतल्या फडताळात, स्टीलच्या भांड्यांवर रचलेल्या. पुतण्याचा चेहरा तिथेच चढला.

त्या फडताळाची किल्ली होती सरूबाईंकडे. सरूबाई वाडीतल्याच, पन्नाशीच्या, रापलेल्या, हाताने मजबूत. वीस वर्षं त्यांनी आक्कांचं घर सांभाळलं होतं, शेवटी आक्कांना उचलून न्हाणीत नेण्यापर्यंत सगळं. त्या दाराशी उभ्या होत्या. बाहेर खळ्यावर त्यांच्या घरचं भात झोडणं चालू होतं, ते सोडून आल्या होत्या, डोक्याला भाताची कुसळं चिकटलेली होती.

मी थाळ्या खिडकीशी नेल्या. जोडी होती. पहिलीवर एक घोडेस्वार भाला रोखून निघालेला, पुढे एक पायदळाचा सैनिक पळताना मागे वळून पाहतो आहे. दुसरीवर तोच घोडा, तोच स्वार, आणि तो सैनिक आता टापांखाली. चित्र थक्क करणारं होतं, हे मी कबूल करते. तसा हात मी आयुष्यात तीन-चारदाच पाहिला असेन. मग मी थाळी उलटी केली. कडीवर काळपट तपकिरी डाग. ओलं फडकं फिरवलं, डाग फडक्यावर आला. सरळ केली, उजेडात तिरकी धरली. निळ्याभोवती वलय नाही. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, आणि ओरखडे दिसले. बारीक, दाट, सगळे एकाच दिशेने वळणारे. दुसऱ्या थाळीवरही तेच.

"मॅडम, हो की नाही, एवढंच सांगा," पुतण्या म्हणाला.

"चित्रकार उत्तम आहे," मी म्हणाले. "पण माल नवा आहे. मुद्दाम घासून जुना केलेला."

हे वाक्य मी शेकडो वेळा बोलले आहे. ते बोलताना माझा आवाज जरा खाली येतो, डॉक्टरसारखा. मला तो आवाज आवडायचा.

पुतण्याने फोन काढला आणि एक जुना फोटो दाखवला. तरुणपणीच्या आक्का, आणि मागे भिंतीवर याच दोन थाळ्या. "तेव्हा ह्या खऱ्या होत्या. आजोबांनी आणलेल्या," तो म्हणाला. "म्हणजे मधल्या काळात कुणीतरी बदलल्या." आणि त्याने सरूबाईंकडे पाहिलं.

सरूबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या माझ्याशी बोलल्या, त्याच्याशी नाही. "बाई, त्याच हायेत वो ह्या. आक्का आन मी ह्यातच जेवायचो. भितीवं टांगून कुनाचं पोट भरतंय, म्हनाल्या, काड खाली. येकीत त्या, येकीत मी. बारा वर्सं झाली."

"तू?" पुतण्या म्हणाला. "काकू तुझ्या पंगतीला बसायची? या थाळ्यांत?"

"व्हय. ह्याच पडवीत. रोज राखंनं घासायची मी. तुसाच्या. पावडरीचा वास आक्कांना खपत न्हवता."

माझा खरा अपराध इथे आहे, बाकीचा नंतरचा. सरूबाईंनी मला सगळं सांगितलं होतं. काय झालं, कशाने झालं, किती वर्षं झालं. माझ्या समोर, स्पष्ट, माझ्याच भाषेत. मी ते ऐकलं आणि मनात म्हणाले, राखेने कुठे ओरखडे पडतात? राख म्हणजे मला ठाऊक होती ती देवघरातली, कपाळाला लावायची, मऊ. आणि मालकीण अशा थाळीत मोलकरणीबरोबर भाकरी खाते, हे मलाही पुतण्याइतकंच खोटं वाटलं. तो ओरडून बोलला, मी सभ्यपणे गप्प राहिले, इतकाच काय तो फरक.

"बोला ना मॅडम, राखेने असं होतं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्याने दुसरी थाळी, टापांखालच्या सैनिकाची, माझ्या हातून हिसकावली आणि फरशीवर आपटली. आवाज फार मोठा झाला नाही. चिनी माती फुटते तेव्हा पितळेसारखी गाजत नाही, एक कोरडा टणत्कार होतो आणि संपतं. तुकडे माझ्या चपलेपर्यंत आले. एकाची कड माझ्या पायाला चाटून गेली. मी खाली पाहिलं. नवा माल मोडला की आत मेलेला पांढरा रंग दिसतो, शाळेच्या खडूसारखा. हा तुकडा तसा नव्हता. त्यात किंचित करडी झाक होती, आणि माती कुठे संपते आणि झिलई कुठे सुरू होते ते दाखवणारी रेघ नव्हती. म्हणजे थाळी जुनीच होती. त्याच वेळी बोलायला हवं होतं. "थांबा," एवढा एक शब्द पुरला असता.

पण तोपर्यंत त्याने सरूबाईंचा अंबाडा धरला होता. टीव्हीवरचं सोडलं तर मी एका माणसाने दुसऱ्याला केसाला धरून ओढताना कधी पाहिलं नव्हतं. चित्रांत पाहिलं होतं, भिंगातून. पडवीच्या पायऱ्यांवरून, अंगणातून, बांधावरून त्याने त्यांना खळ्यापर्यंत ओढत नेलं, आणि सगळा वेळ तो ओरडत होता, "चोर! वीस वर्षं खाल्लं घरचं आणि चोरी केली!" मी मागे धावले. उरलेली थाळी मी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. नकली म्हणून जिचा निकाल दिला ती थाळी मी लेकरासारखी जपत होते. हातांना खरं कळलं होतं, तोंड मागे राहिलं होतं.

खळ्यावर सात-आठ माणसं होती. सरूबाईंचा नवरा मारुती फळीपाशी उभा होता, अर्धी झोडलेली पेंढी हातात. पुतण्याने सरूबाईंना त्याच्यापुढे ढकललं. "बघ, तुझ्या बायकोनं काय दिवे लावलेत. पुण्याच्या बाईंनी तपासलंय. पोलिसांत देऊ की तूच बघतोस?"

मारुतीने माझ्याकडे पाहिलं. मग चारी बाजूंना पाहिलं. मग ती पेंढी डोक्यावर नेली, अगदी झोडायला नेतात तशीच, आणि बायकोच्या पाठीत घातली.

दाणे उडाले. चांगले भरलेले, पिवळे, तिच्या पाठीवरून, खांद्यावरून चहूकडे. दुसरा वार मानेवर. मग पेंढी सुटली आणि त्याने हाताने मारलं, आणि तिचा ओठ फुटला. कुणी मधे आलं नाही. झोडणाऱ्यांपैकी एकाने दाणे वाया जाऊ नयेत म्हणून कापड पुढे सरकवलं, हेही मी पाहिलं. मी चांगला बसलेला वार ओळखण्यात आयुष्य घालवलेली बाई. हे तिन्ही वार चांगले बसले होते.

खाली पडलेल्या सरूबाई उठल्या. रडत नव्हत्या. रक्त थुंकून त्या खळ्याच्या कडेला गेल्या, जिथे दुपारच्या जेवणाची भांडी घासायला ठेवली होती. तिथे पत्र्याच्या डब्यात तुसाची करडी राख होती. त्या परत फिरल्या त्या थेट माझ्या अंगावर आल्या. मला वाटलं, मारतात आता. त्यांनी माझ्या गळ्यातलं भिंग धरलं आणि असा हिसडा दिला की दोरी तुटली आणि मानेवर वळ उठला.

"राखंनं हुत न्हाई म्हनालात न्हवं?"

ते भिंग मामाचं होतं. जाड काचेचं, पितळी कड्याचं. सरूबाई उकिडव्या बसल्या, पेंढ्याचा बोळा ओला केला, राखेत बुडवला आणि भिंगाची काच घासायला लागल्या. डाव्या हातात भिंग फिरवत, उजव्या हाताने बोळा दाबून, गोल, गोल, बारा वर्षं जेवण झाल्यावर घासत आल्या तशा. करकर असा आवाज येत होता. तांदळाच्या तुसात वाळूसारखं काहीतरी असतं आणि जाळल्यावर ते अधिकच टोकदार होऊन राखेत राहतं, हे मी पुढे वाचलं. तेव्हा फक्त ऐकलं. पाण्याने धुऊन त्यांनी भिंग माझ्या डोळ्यापुढे धरलं, इतकं जवळ की पापणीला लागलं.

"बगा."

काचेवर ओरखडे होते. बारीक, दाट, सगळे एकाच दिशेने वळणारे. मी छातीशी धरलेल्या थाळीकडे त्यातून पाहिलं, आणि काचेवरचे ओरखडे आणि थाळीवरचे ओरखडे एकमेकांवर असे बसले की कोणते कुठले ते सांगता येईना.

मामाचा नियम खोटा नव्हता. तो सुरी-काट्याने जेवणाऱ्यांच्या थाळ्यांचा नियम होता. सुरी कशीही फिरते, म्हणून ओरखडे कसेही पडतात. हाताने भात कालवून खाणाऱ्यांच्या थाळीवर जेवणाचा ओरखडाच उठत नाही, उठतो तो घासण्याचा, आणि घासणारा हात रोज एकाच बाजूला वळतो. निळ्याभोवतीचं वलय राखेने खाल्लं होतं. बुडाचा डाग शेणाने सारवलेल्या जमिनीचा आणि चुलीच्या धुराचा होता. जे जे मी खोटेपणाचा पुरावा म्हणून धरलं, ते दोन बायका बारा वर्षं समोरासमोर बसून जेवल्याचा पुरावा होता. परदेशी टेबलांचे नियम घेऊन मी मावळातल्या पडवीत शहाणपणा शिकवायला गेले होते.

"मी चुकले," मी म्हणाले. "थाळ्या खऱ्या आहेत. फार जुन्या. बदललेल्या नाहीत."

पुतण्या माझ्याकडे बघतच राहिला. "आणि मी फोडली ती?"

"तीही खरी होती."

त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. त्यातल्या निम्म्या मला लागू होत्या. त्याने माझ्या हातून थाळी ओढून घेतली, गाडीत बसला आणि धूळ उडवत गेला. सरूबाईंकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. ती थाळी पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. ती अजून कुणाच्या भिंतीवर असेल, भाला रोखलेला आणि तो सैनिक अजून पळणारा.

खळ्यावर कुजबुज सुरू झाली. एक जण जरा मोठ्यानेच म्हणाला, "घटकंत खोटी, घटकंत खरी. ह्या बाईचं काय ऐकायचं?" मी परत सांगू लागले, पण कुणी ऐकेना. मला तेव्हा कळलं की माझा पहिला शब्द जितका सहज बसला तितका दुसरा बसणार नाही. चोर म्हणायला पुरावा लागला नव्हता. चोर नाही म्हणायला लागत होता. झोडणं पुन्हा सुरू झालं. मारुती मात्र पेंढी न उचलता घराकडे निघून गेला.

सरूबाईंनी माझं मनगट धरलं. "चला."

"कुठे?"

"दारोदार. ह्यो गडी बोंबलत आला तवा समद्या वाडीनं आयकलं. आता तुमी सांगायचं. समद्या वाडीला."

आजही भांडी घासणाऱ्या हातांची पकड कशी असते हे मला कुणी सांगायला नको. त्यांनी मला पहिल्या दारात उभं केलं. सूप घेऊन भात पाखडणारी एक म्हातारी होती. मी म्हणाले, "मी पुण्याची थाळ्या तपासणारी बाई. माझी चूक झाली. सरूबाईंनी काही चोरलेलं नाही." म्हातारीने सूप थांबवलं नाही. "बरं झालं बया," ती म्हणाली. पुढच्या दारात एक जण हसला. त्याच्या पुढच्या घरात बाईने पाण्याचा तांब्या आणला, तो मला नाही, सरूबाईंना दिला. एका घराच्या मागच्या खोलीत कंपनीत काम करणारा एक हिंदी बोलणारा भाडेकरू राहत होता, पाळीवरून येऊन झोपलेला. मी म्हणाले, त्याला काय कळणार? "त्यालाबी," सरूबाई म्हणाल्या. डोळे चोळत तो बाहेर आला आणि मी त्याला हिंदीत सांगितलं की सरूबाई चोर नाहीत. "कौन सरूबाई?" त्याने विचारलं. त्यांनी हात वर केला, फुटलेल्या ओठाने म्हणाल्या, "मैं."

पाचव्या-सहाव्या दारापर्यंत माझा आवाज बारीक होता. "मोट्यानं," त्या म्हणायच्या, "मगाशी बोलत हुतात तसं." मी मोठ्याने बोलू लागले. डॉक्टरचा आवाज गळून पडला, घसा बसला, तरी बोलत राहिले. शरमेने अंग जळत होतं, आणि तरी कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, मामाने पट्टी मारल्यावर रडू आलं की वाटायचं तसं. पोरंबाळं, बायका, खळ्यावरची माणसं, एकेक करत आमच्या मागे लागली. आता झोडण्याचा आवाज थांबला होता.

सरूबाईंना त्यानंतर मी एकदाच पाहिलं, पौडच्या बाजारात, लसणाच्या ढिगापाशी. त्यांनी मला ओळखलं आणि लसूण निवडत राहिल्या. मी पुढे जाऊन काय बोलणार होते? मामाचं भिंग मी आजही वापरते. काच बदलून मिळेल असं दुकानदार म्हणाला, मी नको म्हटलं. दिवाळीच्या आधी कुणी थाळी घेऊन आलं की मी आता बुडाच्या आधी एक प्रश्न विचारते, ही घरी कोण घासायचं आणि कशाने? लोक चमकतात. बऱ्याच जणांना ते सांगता येत नाही. घासणाऱ्या बाईचं नावसुद्धा आठवत नाही. मग मीही वय सांगत नाही.

पण झोडणीचे दिवस आले की या शहाणपणाचा काही उपयोग होत नाही. खालून धप्प आवाज येतो आणि मी पुन्हा त्या वाडीत असते, मनगट धरलेली, शेवटच्या दाराशी.

शेवटचं घर त्यांचंच होतं. सव्वीस दारं झाली होती. मारुती ओट्यावर बसून पाय धूत होता. आमच्या मागे सगळी वाडी उभी होती.

"सांगा," सरूबाई म्हणाल्या.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "तुमच्या बायकोने काही चोरलेलं नाही."

मारुतीने तांब्या खाली ठेवला. तो रागावलेला दिसत नव्हता, थकलेला दिसत होता. "मला काय सांगताय बाई," तो म्हणाला. "ती चोर न्हाई, ह्ये मला ठावं हुतं की."

सरूबाईंनी विचारलं, "मंग मारलंस कशापायी?"

"लोकं बगत हुती," मारुती म्हणाला.

"आत्ताबी बगत्यात," सरूबाई म्हणाल्या, आणि माझं मनगट सोडून त्यांनी त्याच हाताने त्याच्या मुस्काटात भडकावली.